दहशतवादावर कायमचा उपाय : हात रोखावा, मन वळवावे

१ मार्च २०२४, शुक्रवार. दुपारी एकच्या सुमारास बेंगळुरूच्या ब्रुकफील्ड भागातल्या रामेश्वरम कॅफेमध्ये स्फोट झाला. जेवणाची वेळ होती. ऑफिसमधली माणसे इडली-डोशासाठी रांगेत उभी होती. सुरुवातीला अनेकांना वाटले की गॅसचा सिलिंडर फुटला असावा. थोड्याच वेळात कळले की कोणीतरी पिशवी ठेवून निघून गेले होते आणि त्या पिशवीत बॉम्ब होता. सुदैवाने कोणाचा प्राण गेला नाही, पण काही जण जखमी झाले.

त्या दिवशी आमच्या वर्गाच्या ग्रुपवर तासाभरातच संदेशांचा पाऊस सुरू झाला. हे कोणी केले असेल, कोणत्या समाजाला आता धडा शिकवायला हवा, याचा निकाल लागूनही गेला होता. तपास अजून सुरूही झाला नव्हता. त्यातला एक संदेश मीही पुढे पाठवला. संध्याकाळी कळले की त्यातला फोटो भलत्याच घटनेचा होता. रात्री ध्यानाला बसलो तेव्हा मन काही केल्या स्थिर होईना. एक प्रश्न सारखा समोर येत होता. बॉम्ब ठेवणाऱ्याला काय हवे होते? लोकांनी घाबरावे आणि एकमेकांचा द्वेष करावा, एवढेच ना? मग त्याचे निम्मे काम तर मी घरबसल्या करून दिले होते.

आठवड्याभरात तो कॅफे पुन्हा उघडला आणि लोक पुन्हा रांगेत उभे राहिले. शहराने भीतीला उत्तर दिले. द्वेषाला उत्तर देणे मात्र इतके सोपे नसते. या लेखात आपण त्याच उत्तराचा अभ्यास करणार आहोत.

दोन वेगळी कामे

दहशतवादाचा विषय निघाला की चर्चेत दोन गट पडतात. एक गट म्हणतो, कठोर व्हा. दुसरा म्हणतो, प्रेमाने बोला. दोघेही अर्धे बरोबर आहेत, कारण कामेच दोन आहेत. शस्त्र उगारलेला हात रोखणे हे पहिले काम. तो हात ज्या मनाच्या सांगण्यावरून उठला ते मन वळवणे हे दुसरे.

पहिल्या कामाचे सर्वात तेजस्वी उदाहरण आपल्या मुंबईत आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा दहशतवाद्यांनी शहरावर हल्ला केला. १६६ माणसे मारली गेली. गिरगाव चौपाटीजवळ पोलिसांनी एक गाडी अडवली. सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे पुढे झाले. त्यांच्या हातात फक्त काठी होती. त्यांनी अजमल कसाबच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या स्वतःच्या अंगावर झेलल्या, पण नळी सोडली नाही. त्यामुळे कसाब जिवंत पकडला गेला. त्याच्यावर खटला चालला, त्याला वकील मिळाला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत सुनावणी झाली, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात कायद्याने दिलेली शिक्षा अमलात आली. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले.

अहिंसेच्या नावाखाली अशा शौर्याला कमी लेखणे हा अज्ञानाचाच प्रकार आहे. धर्मयुद्धात अर्जुनाने पळून जावे असे गीता सांगत नाही. ज्याचे घर जळते आहे त्याला आधी पाणी हवे, प्रवचन नंतर.

पण याच रात्रीकडे दुसऱ्या बाजूने पाहा. दहाही हल्लेखोर तरुण होते. कसाब विशीतला होता. एक मारला गेला किंवा पकडला गेला, तर त्याच्या जागी दुसरा कोवळा मुलगा उभा करणारे कारखाने चालूच असतात. म्हणून हात रोखण्याचे काम रोज करावे लागते आणि ते कधी संपत नाही. उपाय कायमचा व्हायचा असेल तर दुसरे काम हवेच. ते तीन ठिकाणी करता येते : वाट चुकण्याच्या आधी, वाट चुकल्यावर, आणि घाव बसल्यानंतर.

आधी : वाट चुकू नये म्हणून

गरिबीमुळे दहशतवाद वाढतो, असे सर्रास म्हटले जाते. काही ठिकाणी ते खरेही आहे. पण मे २०१४ मध्ये कल्याणहून चार तरुण यात्रेचे निमित्त करून इराकला गेले आणि इस्लामिक स्टेट या संघटनेत सामील झाले. ते शिकलेले होते, शहरी घरांतले होते. त्यांच्या ताटात अन्न होते, हातात पुस्तके होती, घरी आईवडील होते. मुले बेपत्ता झाल्यावर कुटुंबीयांनीच पोलिसांकडे धाव घेतली.

मग कमी काय पडले? पदवी पुष्कळ काही शिकवते. पण राग आला तर काय करावे, अपमान कसा पचवावा, एकटेपणा वाटला तर कोणाकडे जावे, हे कोणत्याही पेपरात विचारले जात नाही. ही रिकामी जागा कोणीतरी भरतोच. पडद्यापलीकडचा अनोळखी माणूस त्या मुलाला सांगतो की तू सामान्य नाहीस, तुझ्या आयुष्याला मोठा अर्थ आहे, आणि तुझ्या दुःखाला अमुक लोक जबाबदार आहेत. विशीतल्या मनाला या तीन गोष्टींची भूक असते. चांगल्या हातांनी ती भागवली नाही, तर वाईट हात ती भागवतात.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात या घसरणीचा क्रम सांगितला आहे. विषयाचे सतत चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून कामना, कामना अडली की क्रोध, क्रोधातून मोह, मोहातून स्मृतीचा नाश, आणि शेवटी बुद्धीचा नाश. हा क्रम तुमच्या-माझ्या घरातल्या भांडणालाही लागू आहे आणि बॉम्ब ठेवणाऱ्यालाही. फरक एवढाच की आपण पहिल्या-दुसऱ्या पायरीवर सावरतो. कोणी हाक मारणारे असते म्हणून सावरतो. महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकानेही पुढे हाच मार्ग धरला. चुकीच्या वाटेकडे झुकलेल्या काही तरुणांना, हातून गुन्हा घडण्याआधीच, कुटुंबीय आणि धर्मगुरू यांच्या मदतीने समजावून परत आणण्याचे काम पथकाने हाती घेतले.

यातून आपल्यासाठी दोन गोष्टी निघतात. पहिली, मुलांना मन सांभाळायला शिकवणे. श्वासाकडे लक्ष देणे, रागाचे निरीक्षण करणे, रोज थोडा वेळ शांत बसणे, हे शाळेतल्या कवायतीइतके सामान्य व्हायला हवे. दुसरी, इतर धर्मांची ओळख. ज्या मुलाने लहानपणी एखाद्या संताचे, एखाद्या सूफीचे, बुद्धाचे, ख्रिस्ताचे थोडे तरी ऐकले आहे, त्याला ‘फक्त आपणच खरे, बाकी सारे शत्रू’ हे पटवणे अवघड जाते.

हे काम आयुष्यभर करणारा एक माणूस याच बेंगळुरूत जन्मला. एस. एन. सुब्बाराव. लोक त्यांना ‘भाईजी’ म्हणत. १९४२ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, ‘चले जाव’च्या घोषणा भिंतीवर लिहिल्या म्हणून त्यांना पकडले गेले. पुढे त्यांनी देशभर तरुणांची शिबिरे घेतली. वेगवेगळ्या राज्यांतली मुले एकत्र राहायची, श्रमदान करायची, सर्वधर्म प्रार्थना म्हणायची. तामिळ मुलाने पंजाबी मुलाच्या शेजारी चार दिवस घमेली उचलली, की एकमेकांविषयी ऐकलेल्या अर्ध्या गोष्टी आपोआप गळून पडतात.

मध्ये : परतीचा दरवाजा उघडा ठेवणे

वाट चुकलेल्यांचे काय? इथे आपल्या महाराष्ट्राच्या मातीतल्या एका संताची आठवण येते. रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याचे विनोबा भावे. मानसिंग हा चंबळच्या खोऱ्यातला नावाजलेला डाकू. त्याचा मुलगा तहसीलदारसिंग फाशीची शिक्षा होऊन तुरुंगात होता. त्याने विनोबांना पत्र लिहून भेटीची इच्छा व्यक्त केली. त्यातून पुढे विनोबा त्या खोऱ्यात पायी गेले. मे १९६० मध्ये वीस डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. बारा वर्षांनी, १४ एप्रिल १९७२ रोजी, जौरा इथल्या गांधी सेवा आश्रमात जयप्रकाश नारायण यांच्या उपस्थितीत समर्पणाचा मोठा कार्यक्रम झाला. गांधीजींच्या तसबिरीपुढे बंदुका ठेवल्या गेल्या, आणि त्या काळात शेकडो जण शरण आले. जौऱ्याचा तो आश्रम सुब्बाराव यांनीच उभा केला होता. ज्या भागात जायला लोक घाबरत, तिथे जाऊन त्यांनी आधी रस्ते बांधण्याच्या श्रमदानापासून सुरुवात केली होती.

डाकू आणि दहशतवादी एक नव्हेत, हे खरे. तरी या घटनेतून तीन गोष्टी शिकता येतात.

एक : शरण आलेल्यांना माफी मिळाली नाही. त्यांच्यावर खटले चालले, शिक्षा झाल्या. अनेकांनी मुंगावलीच्या खुल्या तुरुंगात शेती करत शिक्षा भोगली. दरवाजा उघडा होता, पण तो न्यायालयातूनच जात होता.

दोन : बोलणाऱ्याला स्वतःचा कोणताही स्वार्थ नव्हता. त्याला निवडणूक लढवायची नव्हती, सूड घ्यायचा नव्हता. म्हणून त्याच्या शब्दावर विश्वास बसला. निर्भय आणि निःस्वार्थ माणसाचा शब्द जिथे पोचतो, तिथे बंदुकीची गोळी पोचत नाही.

तीन : एवढे होऊनही चंबळमधली डाकूगिरी एका फटक्यात संपली नाही. जमिनीचे तंटे, जातींमधली वैरे, अन्यायाच्या तक्रारी कायम राहिल्या. १९८१ चे बेहमई हत्याकांड त्यानंतरचे आहे. म्हणजे शस्त्रे खाली ठेवणे ही सुरुवात आहे. मागे उरलेल्या जखमेवर उपचार झाले नाहीत, तर तीच जखम नवा माणूस जंगलात पाठवते.

हा तिसरा धडा गडचिरोलीत दिसतो. १९८० च्या दशकापासून हा जिल्हा माओवादी हिंसेत होरपळला. ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीजवळ १७ पोलीस शहीद झाले. खबऱ्या ठरवून मारलेल्या आदिवासींची तर गावोगावी आठवण आहे. तिथेही दोन्ही कामे एकत्र झाली. एकीकडे पोलिसांची कडक कारवाई, दुसरीकडे २००५ पासून राज्य सरकारची आत्मसमर्पण योजना : घर, मदत, रोजगार, शिक्षण. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवाद्यांचा एक अतिशय वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली.

या बातमीपेक्षा मला एक लहानशी गोष्ट जास्त भिडली. जंगलातल्या संघटनेत लग्न करायचे असेल तर पुरुषाची नसबंदी केली जात असे, कारण मूल झाले की माणूस घराकडे ओढला जातो. शरण आलेल्या काही जणांवर ती नसबंदी उलटवण्याची शस्त्रक्रिया करण्यात आली आणि त्यांच्या घरात पाळणे हलले. द्वेषावर चालणारी संघटना कशाला घाबरते ते पाहा. ती बाळाला घाबरते. माणसाच्या मनात प्रेमाची एक दोरी शिल्लक राहिली तरी तो परत जाईल, हे तिला पक्के ठाऊक असते. आपले काम ती दोरी तुटू न देण्याचे आहे.

इथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. ज्यांनी माणसे मारली त्यांना घर आणि काम द्यायचे, मग ज्यांची माणसे गेली त्यांचे काय? हा प्रश्न बाजूला सारून पुढे जाता येणार नाही. शहीद पोलिसाच्या पत्नीला, मारल्या गेलेल्या गावकऱ्याच्या मुलाला आधी आधार मिळायला हवा. त्यांचे दुःख समाजाने मोठ्याने मान्य करायला हवे. त्यांना ‘क्षमा करा’ असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. क्षमा हे दान आहे आणि दान मागून मिळत नसते. आपण एवढेच म्हणू शकतो, की परतीचा दरवाजा उघडा ठेवला तर उद्या आणखी एखाद्या बाईचे कुंकू पुसले जाणार नाही. हे गणित कठोर आहे, तरी ते मांडावेच लागते.

नंतर : सुडाची साखळी तोडणे

आता तिसरे ठिकाण. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई दंगलींत जळाली. १२ मार्च १९९३ रोजी त्याच मुंबईत साखळी बॉम्बस्फोट झाले. २५७ माणसे गेली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने दंगली आणि स्फोट यांच्यातला संबंध आपल्या अहवालात नोंदवला आहे. दंगल झाली म्हणून स्फोटाचे पाप कमी होत नाही. शेअर बाजारात, बस थांब्यावर मेलेल्या माणसाने कोणाचे काय बिघडवले होते? पण कारखान्यांना कच्चा माल कुठून मिळतो ते यातून कळते. सूड घेणाऱ्याला नेहमी वाटते की तो हिशेब पूर्ण करतो आहे. प्रत्यक्षात तो पुढच्या पानावर नवे देणे लिहून ठेवतो.

त्याच दिवसांत मुंबईपासून जवळच असलेली भिवंडी मात्र शांत राहिली. यंत्रमागांचे हे दाट वस्तीचे गाव. हिंदू-मुस्लिम दोन्ही समाज शेजारी शेजारी. १९७० आणि १९८४ मध्ये इथे भीषण दंगली झालेल्या. म्हणजे पेटायचे तर सर्वात आधी भिवंडीने पेटायला हवे होते. ती पेटली नाही, यामागे काही वर्षांची शांत मेहनत होती. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यांत समित्या स्थापन केल्या. सुमारे सत्तर समित्या, दोन्ही समाजांचे सभासद, सोबत त्या भागातले पोलीस. यात पुढाऱ्यांपेक्षा साधी माणसे जास्त होती. बैठकीत विषय कोणते? तुंबलेले गटार, नळावरचे भांडण, नवरा-बायकोचा तंटा, मिरवणुकीचा रस्ता. अशा लहान लहान गोष्टी एकत्र बसून सोडवताना ओळखी झाल्या. मग डिसेंबर १९९२ मध्ये अफवा आल्या, तेव्हा त्या ऐकून घेण्याआधी माणसे एकमेकांना विचारू शकली. गावाचा इतिहास दंगलींचा होता, पण समोरच्या माणसाचे नाव आता माहीत होते.

२६/११ नंतरचीही एक घटना लक्षात ठेवण्यासारखी आहे. मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना आपल्या कब्रस्तानात जागा द्यायला मुंबईतल्या जामा मशीद ट्रस्टने नकार दिला. निरपराधांना मारणाऱ्यांचा आमच्या धर्माशी संबंध नाही, अशी त्यांची भूमिका होती. हल्लेखोरांना मुंबईत फूट पाडायची होती. त्यांना उत्तर त्याच मुंबईतल्या मुसलमानांनी दिले. अशी उत्तरे आपण लक्षात ठेवतो का? की फक्त हल्ल्याच्या तारखा लक्षात ठेवतो?

पसायदानाची मागणी

आपण सत्संगाच्या शेवटी कितीदा पसायदान म्हणतो. ज्ञानेश्वर माउलींनी त्यात दुष्टांचा नाश मागितलेला नाही. त्यांच्या मनाचा वाकडेपणा जावा आणि सत्कर्माची ओढ वाढावी, असे मागितले आहे. लगेच पुढची मागणी आहे ती जीवमात्रांच्या मैत्रीची. सातशेहून अधिक वर्षांपूर्वीची ही प्रार्थना म्हणजे दहशतवादावरच्या कायमच्या उपायाचा पूर्ण आराखडा आहे. माणूस संपवला की एक माणूस संपतो. वाकडेपणा गेला की त्या माणसाच्या हातून पुढे घडणारे सारे संपते.

पण जो वाकडेपणा दुसऱ्याचा जावा असे आपण मागतो, तो आपल्यातही सूक्ष्म रूपात असतो. तो संदेश पुढे पाठवताना माझ्या बोटाशी होता. म्हणून सुरुवात स्वतःपासून.

आपण काय करू शकतो?

१. पहिले चोवीस तास मौन. कुठेही हल्ला झाला की चोवीस तास त्याविषयी कोणताही संदेश, फोटो, चित्रफीत पुढे पाठवायची नाही. रक्तदानाचे किंवा मदतीचे आवाहन तेवढे खात्री करून पाठवावे.

२. साधना चुकवू नये. अशा दिवशी मन खवळलेले असते, म्हणून त्या दिवशी प्राणायाम आणि ध्यान जास्त हवे. प्रथम मृतांसाठी, जखमींसाठी, त्यांच्या घरच्यांसाठी प्रार्थना करावी. मन निवल्यावर, जमेल तेव्हा, चुकलेल्यांना सद्बुद्धी मिळो असेही म्हणावे. जमत नसेल तर ओढून ताणून करू नये.

३. एक ओळख वाढवावी. वेगळ्या धर्माच्या एका तरी कुटुंबाशी घरी येण्या-जाण्याइतकी ओळख असावी. ती सणापुरती नको, दुधाची पिशवी मागण्याइतकी हवी.

४. एका तरुणाकडे लक्ष द्यावे. आपल्या इमारतीत, नात्यात, वर्गात एकटा पडलेला, सतत चिडलेला कोणी असेल तर उपदेश न करता त्याच्याबरोबर चहा प्यावा, त्याला सेवेच्या कामात बोलवावे. गोष्ट गंभीर वाटली तर घरच्या मोठ्यांना आणि गरज पडल्यास पोलिसांना सांगायला कचरू नये. वेळीच सांगणे ही त्याच्यावरची मायाच आहे.

५. शहिदांच्या घराची आठवण ठेवावी. आपल्या तालुक्यात शहीद जवानाचे किंवा पोलिसाचे कुटुंब असेल, तर वर्षातून एकदा तरी त्यांच्याकडे जाऊन यावे. भाषण नको, विचारपूस पुरे.

यातली एकही गोष्ट मोठी नाही. भिवंडीच्या बैठकीतले गटारही मोठे नव्हते.

अभ्यासवर्गात चर्चेसाठी प्रश्न

• गेल्या महिन्यात मी खात्री न करता पुढे पाठवलेला एक तरी संदेश आठवतो का? तो पाठवताना मनात कोणती भावना होती?

• माझ्या रागाच्या वेळी मला हाक मारून थांबवणारे कोण आहे? मी कोणासाठी तशी हाक होऊ शकतो?

• कठोर कायदा आणि करुणा यांत मला कोणती बाजू सोपी वाटते? दुसऱ्या बाजूकडून मला काय शिकायचे आहे?

• माझ्या वस्तीत भिवंडीसारखी बैठक सुरू करायची तर पहिला विषय कोणता असेल?

या आठवड्यात रोजच्या ध्यानानंतर पाच मिनिटे यातला एक प्रश्न घेऊन शांत बसावे, आणि पुढच्या सत्संगाला उत्तराऐवजी केलेली एक कृती घेऊन यावे.